मधुचंद्रासाठी मुन्नार निवडताना आमची झालेली फसवणूक

लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासासाठी निसर्गरम्य ठिकाण शोधणाऱ्या जोडप्यांना पर्यटन व्यवसायातील काही मंडळी कशी फसवतात, याचा पुरेपूर अनुभव आम्हाला केरळमध्ये आला. या फसवणुकीत ठिकाण खरे असते, दाखवलेले छायाचित्रही बहुधा खरे असते. मात्र ज्या महिन्यात जोडप्याला तिथे पाठवले जाते त्या महिन्यात त्या छायाचित्रातले काहीच तिथे नसते, आणि ही गोष्ट पैसे घेणाऱ्याला पैसे घेतानाच ठाऊक असते. आमच्या ओळखीत येत्या मोसमात बरीच लग्ने ठरली आहेत. त्यांच्यापैकी कोणावर तरी ही वेळ येऊ नये, या एकाच हेतूने हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे लग्न माघात झाले आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचे ठरले होते. माझे बालपण साताऱ्यात, कासच्या पठाराच्या पायथ्याशी गेले असल्यामुळे फुलांनी भरलेले डोंगर हा माझ्यासाठी जिव्हाळ्याचा विषय आहे. माझ्या यजमानांना गर्दी सोसत नाही. काश्मीर, अंदमान आणि केरळ अशी तीन नावे आमच्या मनात होती. साताऱ्यातील एका सहल नियोजकाचे नाव नात्यातल्याच एका कुटुंबाने सुचवले होते, म्हणून आम्ही त्याच्या कार्यालयात गेलो. अंदमानचे नाव काढताच त्याने ते पहिल्या काही मिनिटांत निकालात काढले. ‘‘ताई, फेब्रुवारीत तिकडे बोटी रद्द होतात, नवीन लग्न झालेल्यांनी धोका कशाला घ्यायचा?’’ हे त्याचे शब्द. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. डिसेंबर ते एप्रिल हाच अंदमानात समुद्र शांत असण्याचा काळ. बोटींचे वेळापत्रक कोलमडते ते पावसाळ्यात. त्याने आम्हाला केरळकडे का वळवले याचा उलगडा पुढे कोचीत झाला. तिथल्या एका स्थानिक ऑपरेटरकडून त्याने मोसमाआधीच खोल्यांचा गठ्ठा उचललेला होता आणि तो त्याला खपवायचा होता. थोडक्यात, आम्ही त्याच्या कार्यालयाची पायरी चढण्यापूर्वीच आमचे ठिकाण ठरलेले होते.

त्याने पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर निळ्याजांभळ्या फुलांनी झाकलेला डोंगर होता आणि त्याखाली मुन्नारचे नाव होते. दुसऱ्या पानावर राजमला येथील गवताळ उतारावर उभी असलेली नीलगिरी ताहर ही रानबकरी होती. ‘‘हे आम्हाला फेब्रुवारीत पाहायला मिळेल का?’’ असा नेमका प्रश्न मी मोबाइलवर लिहून विचारला आणि ‘‘शंभर टक्के, एराविकुलम आपल्या पॅकेजमध्येच आहे’’ असे लेखी उत्तर आले. तो संदेश आजही माझ्याकडे आहे आणि आमच्या तक्रारीचा मुख्य आधार तोच आहे.

आता या दोन पानांमागचे सत्य सांगते. डोंगरावरची ती फुले नीलकुरिंजीची. आपल्या सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी फुलते हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. नीलकुरिंजी ही त्याच कुळातली, पण ती बारा वर्षांनी एकदाच सामूहिकपणे बहरते. मुन्नारच्या परिसरातील शेवटचा मोठा बहर २०१८ मध्ये येऊन गेला, त्याआधीचा २००६ मध्ये होता आणि पुढचा २०३० मध्ये अपेक्षित आहे. शिवाय तो येतो तो पावसाच्या उत्तरार्धात, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणजे वर्ष कोणतेही असो, फेब्रुवारीत तो डोंगर निळा दिसणे शक्यच नाही. राजमलाची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. राजमला हा एराविकुलम राष्ट्रीय उद्यानाचा पर्यटकांसाठी खुला असलेला भाग. सुमारे ९७ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि दक्षिण भारतातील सर्वांत उंच शिखर, २,६९५ मीटर उंचीचे अनामुडी, याच्याच हद्दीत आहे. ताहर माद्यांचा विण्याचा काळ असल्यामुळे केरळचे वनखाते हे उद्यान दरवर्षी साधारण फेब्रुवारी आणि मार्च असे दोन महिने पर्यटकांसाठी बंद ठेवते. पिल्लांना त्रास होऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था अत्यंत योग्य आहे आणि तिच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती दरवर्षी ठरलेल्या या बंदची पूर्ण कल्पना असताना ‘‘शंभर टक्के’’ असे लिहून पैसे घेणाऱ्याबद्दल.

हे आम्हाला कळले ते कोची विमानतळावरून निघालेल्या गाडीत. नेरियामंगलमचा पूल ओलांडल्यावर आमच्या चालकाने कार्यक्रमाचा कागद मागून घेतला, वाचला आणि गाडी बाजूला घेऊन मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले, ‘‘मॅडम, राजमला बंद है. बच्चा टाइम. आपका एजंट को मालूम है, हर साल बंद है.’’ त्या माणसाने त्या वेळी खरे सांगितले नसते तर आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बंद फाटकापर्यंत गेलो असतो. वाटेत चीयप्पारा आणि वालरा हे धबधबे लागतात. माहितीपत्रकात ते फेसाळत कोसळताना दाखवले होते, प्रत्यक्षात फेब्रुवारीत खडकावरून पाण्याच्या बारीक धारा ओघळत होत्या.

त्यानंतर हॉटेलचा प्रश्न आला. आमच्या व्हाउचरवर चहाच्या मळ्यातील एका हॉटेलचे नाव होते आणि त्यापुढे ‘किंवा त्याच दर्जाचे’ असे शब्द होते. मधुचंद्राच्या पॅकेजमध्ये सर्वांत जास्त गैरवापर होतो तो या शब्दांचा. गाडी थांबली ती मुन्नारच्या सुमारे तीस किलोमीटर अलीकडे, अडिमालीजवळ, कोची-धनुष्कोडी महामार्गाला लागून असलेल्या एका इमारतीपाशी. मुन्नार दीड हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. अडिमाली त्याच्या बरेच खाली आहे, तिथे ना चहाचे मळे दिसतात ना थंडी जाणवते. खिडकीखालून रात्रभर मालवाहू गाड्या घाट चढत होत्या. खोलीत पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढलेला होता आणि टेबलावर छोटा केक ठेवलेला होता, कारण ‘हनिमून सजावट’ पॅकेजमध्ये समाविष्ट होती. या सजावटीचा खर्च काही शेकड्यांत असतो आणि तिच्या नावावर पॅकेजची किंमत काही हजारांनी वाढवलेली असते, हे त्याच हॉटेलच्या व्यवस्थापकाने आम्हाला नंतर मोकळेपणाने सांगितले.

त्याहून वाईट प्रकार सकाळी घडला. स्वागतकक्षातून फोन आला की आमच्या खोलीचे पैसे जमाच झालेले नाहीत. आम्ही सहल नियोजकाला ८६,००० रुपये पूर्ण दिलेले होते, विमानाचे तिकीट त्यात नव्हते. त्याने स्थानिक ऑपरेटरला केवळ काही रक्कम दिली होती आणि उरलेली थकवली होती. म्हणून ऑपरेटरने हॉटेलचे पैसे अडवून धरले होते. बॅगा भरून आम्ही काउंटरपाशी उभे, व्यवस्थापक नम्रपणे पण ठामपणे बिल पुढे सरकवतो आहे, आणि फोनवर साताऱ्याहून ‘‘पाच मिनिटांत करतो, ताई’’ हेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते आहे, अशी दुपारपर्यंत अवस्था होती. अखेरीस दोन रात्रींचे १४,००० रुपये आम्ही स्वतः भरले. मात्र माझ्या यजमानांनी त्या वेळी हॉटेलच्या लेटरहेडवर ‘सदर रक्कम पाहुण्यांनी भरली, एजंटकडून जमा नाही’ असे लिहून सही-शिक्का घेतला. आमच्या सगळ्या कागदपत्रांत या एका कागदाइतके वजन दुसऱ्या कशालाच आले नाही.

अलप्पुळाच्या हाउसबोटीबाबत थोडे बारकाईने लिहायला हवे, कारण तिथे फसवणूक आणि स्थानिक नियम यांची सरमिसळ होते आणि दोष भलत्याच्या माथी मारला जातो. हाउसबोटीवर साधारणपणे दुपारी बाराला चढवतात आणि सकाळी नऊच्या सुमारास उतरवतात. संध्याकाळी साडेपाचच्या आसपास बोट काठाला लावावी लागते, कारण त्यानंतर वेंबनाड सरोवराच्या पाण्यात मच्छीमारांची जाळी पडतात आणि ते त्यांच्या पोटापाण्याचे काम आहे. त्यामुळे ‘रात्रभर चांदण्यात जलविहार’ असे कोणी विकत असेल तर ते सरळसरळ खोटे आहे. साध्या दर्जाच्या बोटींत वातानुकूलन यंत्र रात्री नऊ ते सकाळी सहा एवढेच चालवतात. दिवसभर हवे असेल तर त्याची बोट वेगळी आणि भाडेही वेगळे. आमच्याकडून एका शयनकक्षाच्या स्वतंत्र बोटीचे आणि पूर्णवेळ वातानुकूलनाचे पैसे घेतले होते. प्रत्यक्षात दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर वाटून घ्यायची बोट मिळाली आणि यंत्र नऊलाच सुरू झाले. बोटीवरील तिघेही कर्मचारी अतिशय अगत्याने वागले, करीमीन मासा त्यांनी उत्तम रांधला होता, आणि त्यांना मिळालेल्या पैशांत जे बसत होते ते त्यांनी प्रामाणिकपणे दिले. मधले पैसे साताऱ्यातच जिरले होते.

परतल्यावर चौकशी केली तेव्हा ठिकाण तेच, महिना भलता, हा प्रकार केवळ केरळपुरता नसल्याचे ध्यानात आले. श्रीनगरची ट्युलिप बाग मार्चअखेरीपासून जेमतेम महिनाभर खुली असते, तरीही मे महिन्यातल्या जोडप्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत तिचे छायाचित्र असते. रोहतांग खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते. डिसेंबर-जानेवारीच्या मनाली पॅकेजमध्ये ती लिहून, प्रत्यक्षात अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूपर्यंत नेऊन आणले जाते. बोगद्यापलीकडचा लाहौल सुंदर आहे यात शंका नाही, पण ज्याचे नाव सांगून पैसे घेतले ते हे नव्हे. उन्हाळ्यातही रोहतांगसाठी वाहनाला परवाना लागतो, वाहनांची रोजची संख्या मर्यादित असते आणि मंगळवारी पर्यटकांच्या गाड्या सोडत नाहीत. पहलगाममध्ये अरू, बेताब खोरे आणि चंदनवाडी येथे बाहेरून आलेली गाडी चालत नाही, स्थानिक युनियनची गाडी वेगळ्या भाड्याने घ्यावी लागते. ‘सर्व स्थळदर्शन समाविष्ट’ या शब्दांत हे भाडे बहुतेक वेळा धरलेले नसते. कासच्या पठारालाही मे महिन्यात फुले दाखवण्याचे आश्वासन देणारे लोक मी पाहिले आहेत.

म्हणून ठिकाण निवडताना सहल नियोजकाला ‘कुठे जावे’ असे विचारण्याऐवजी, आपल्या तारखांना ते ठिकाण कसे असते याची खातरजमा त्या ठिकाणच्या वनखात्याकडून, पर्यटन महामंडळाकडून किंवा थेट तिथल्या हॉटेलला फोन करून करावी. हॉटेलचे नाव, गाव आणि खोलीचा प्रकार लेखी घ्यावा, ‘किंवा त्याच दर्जाचे’ हे शब्द काढून टाकायला लावावेत, आणि निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस प्रत्येक हॉटेलला फोन करून आपल्या नावावर पैसे भरलेले आहेत का हे विचारावे. जीएसटी वाचेल असे सांगून आमच्याकडेही उरलेली रक्कम वैयक्तिक खात्यावर मागितली गेली होती. यजमानांनी ती फर्मच्याच खात्यावर भरली आणि कराचे बिल मागून घेतले. ते बिल नसते तर आमचा व्यवहार झालाच नाही, असे म्हणायला तो मोकळा राहिला असता.

आम्ही पैसे परत मागितले तेव्हा सहल नियोजकाचे पहिले उत्तर ‘‘उद्यान बंद ठेवणे आमच्या हातात नाही’’ असे होते. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यानंतर वकिलामार्फत नोटीस पाठवली. नोटीस मिळताच हॉटेलचे १४,००० रुपये आठवड्याच्या आत परत आले. बाकीच्या रकमेबाबत त्याने मौन पाळले. सध्या आमचे प्रकरण जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यासाठी केरळला किंवा इतर कुठे खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या करता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रारीसोबत आम्ही माहितीपत्रक, मोबाइलवरचे संदेश, व्हाउचर, कराचे बिल आणि हॉटेलच्या सही-शिक्क्याचा कागद जोडला आहे. परतल्यावर कामाच्या गडबडीत हे संदेश पुसले जातात, फोन बदलला जातो, त्यामुळे ते घरी पोहोचताच छापून ठेवणे बरे.