संगीताच्या खोलीचे वायरिंग : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या घरातील संगीताच्या खोलीसाठी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी स्वतंत्र वायरिंग करून घेतले. मुख्य डीबीतून (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीतून) ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) आणि खोलीत १६ अँपिअरचे सॉकेट, एवढे सांगितले तरी जाणकारांना पुरे. पंख्याचा रेग्युलेटर फिरवताना स्पीकरमधून येणारी खरखर पहिल्याच दिवशी थांबली. तेव्हा मी सारे श्रेय जाड वायरला दिले होते. आज देणार नाही. घरगुती अँप्लिफायरला २.५ची वायर आणि १६चा एमसीबी सहज पुरला असता. फरक पडला तो लाइन वेगळी झाल्यामुळे, आणि वायरच्या जाडीवर गेलेले पैसे मला अजूनही खुपतात.

त्याहून मोठी तक्रार अर्थिंगची आहे. ऑडिओला ‘स्वच्छ’ अर्थ हवा, असे ठासून सांगून ठेकेदाराने परसात कोळसा-मिठाचा दुसरा खड्डा काढला, तो घराच्या जुन्या अर्थिंगला न जोडता थेट या खोलीत आणला आणि त्याचे पैसे वेगळे लावले. पुढे बैठकीतला कॉम्प्युटर अँप्लिफायरला जोडताच स्पीकरमधून हमिंग, म्हणजे सलग घुमणारा आवाज, सुरू झाले. एक उपकरण एका खड्ड्यावर आणि दुसरे दुसऱ्यावर असले, की दोहोंमधील व्होल्टेजचा किंचित फरकही सिग्नलच्या केबलमधून वाट काढतो आणि थेट आवाजात मिसळतो.

मी बहुतेक जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणे ऐकतो. आमच्याच जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची विशेष. सुरुवातीला नुसता तानपुरा चालू असतो, तिथे काहीही लपत नाही. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेल्या तानपुऱ्याचा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम सुमारे १०४ हर्ट्झला येतो आणि ५० हर्ट्झच्या विजेच्या हमिंगमधला १०० हर्ट्झचा अंश त्याला खेटून राहतो. त्यामुळे सेकंदाला चारेक हेलकावे पडून, नीट जुळवलेला पंचमसुद्धा उतरल्यासारखा वाटतो.

ठेकेदाराने आधी खड्ड्यात पाणी ओतायला सांगितले. उन्हाळ्यात आमची जांभ्याची जमीन कोरडी पडून अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून सुरक्षेसाठी पाणी घालावेच. पण हमिंग तसूभरही कमी झाले नाही. मग तो म्हणाला, अँप्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका. हा सल्ला जीवघेणा आहे, कारण आत बिघाड होऊन फेज धातूच्या खोक्याला लागली तर ते खोके हात लावणाऱ्याची वाट पाहत जिवंत राहते. मी साफ नकार दिला.

शेवटी शहापूरच्या एका वयस्क वायरमनकाकांनी दोन्ही खड्डे मुख्य बोर्डाच्या अर्थपट्टीवर तांब्याच्या जाड वायरने एकत्र बांधले आणि कॉम्प्युटरलाही ऑडिओच्याच बोर्डावरून वीज दिली. हमिंग त्याच संध्याकाळी गेले, ते वळीव पडून गेल्यावरही परतलेले नाही. काकांची मजुरी आणि वायर मिळून जो खर्च आला, त्यात दुकानदाराने सुचवलेल्या परदेशी पॉवर केबलचा प्लगही आला नसता.

दुसऱ्या खड्ड्याचे पैसे मी ठेकेदाराकडे लेखी परत मागितले आहेत आणि ते मिळेपर्यंत मागत राहणार आहे.