कोईला काय घालावं: पेंड-कोंडा, तयार दाणे की ताजं खाणं?

कोई, म्हणजे हौदात शोभेसाठी पाळतात तो रंगीत जपानी मासा, शेवटी रोहू-कटल्याच्याच कुळातला कार्प, मग त्यांना चालणारी शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा त्याला का चालू नये? शंका रास्त आहे, खर्चही फारच कमी. पण शेततळ्यातला मासा पाण्यातले किडे, प्लवंग (तरंगते सूक्ष्मजीव) खाऊन उरलेली गरज भागवतो. अंगणातल्या सिमेंटच्या हौदात, फिल्टरच्या स्वच्छ पाण्यात तुम्ही टाकाल तेवढंच त्याच्या पोटात जातं. पेंडीत प्रथिनं भरपूर असली तरी लायसिन आणि मेथिओनिन ही गरजेची अमिनो आम्लं कमी पडतात. दमट हवेत पेंडीला बुरशी लागून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं, कोंडा लवकर खवट होतो, आणि चुरा पाण्यात कुजतो तो वेगळाच. हौदासाठी माझं मत पेंडीच्या विरोधात.

तयार दाण्यांत तरंगणारे घ्यावेत. मासे वर येतात, कोण खात नाही ते दिसतं, उरलेलं जाळीने काढता येतं. बुडणारे दाणे बुजऱ्या माशांना सोयीचे, पण तळाशी किती साचलं याचा पत्ता लागत नाही. पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा बघा: वाढत्या पिल्लांना 35 ते 40 टक्के, मोठ्यांना 30 ते 35 पुरे. फिल्टर नवा असेल तर खालचाच आकडा बरा, कारण जादा प्रथिनांचा शेवटी माशांना घातक असा अमोनिया होतो.

रंग खुलवणाऱ्या दाण्यांत स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) किंवा अस्टाझँथिन (लालसर रंगद्रव्य) असतं. लाल रंग खुलतो हे खरं. जातीतच नसलेला लाल मात्र त्याने येत नाही. अति झालं तर कोहाकूच्या (पांढऱ्यावर लाल ठिपक्यांच्या कोईच्या) पांढऱ्या अंगावर पिवळट-गुलाबी झाक चढते. म्हणून साध्या दाण्यांत मिसळून, तेही अधूनमधून.

व्हीट जर्मचे (गव्हाच्या अंकुराचे) दाणे पचायला हलके, थंड पाण्यासाठी बनवलेले. कोईची पैदास जिथे रुजली त्या जपानच्या निगाता भागात हिवाळ्यात बर्फ पडतं. पाणी 10 अंशांखाली गेलं की खाणं बंदच करतात. मुंबई-कोकणात या दाण्यांवर खर्च कशाला? नाशिक-पुण्याकडे उघडा हौद असेल तर डिसेंबर-जानेवारीत थर्मामीटर टाकून बघा. पाणी 15 च्या खाली असेल तर ते घ्या.

ताजं खाणं तोंडी लावण्यापुरतं, आठवड्यातून एक-दोनदा: कलिंगड, संत्र्याच्या फोडी, उकडून सोललेले मटार, लेट्यूस. पाव-पोळी नको. डबक्यातून आणलेले जिवंत किडेही नकोत, सोबत रोग येतात. कोईला जठरच नसतं, त्यामुळे एकदम भरपूर घालण्यापेक्षा पाच मिनिटांत संपेल एवढं, दिवसातून दोन-तीनदा घाला. रात्री पाण्यातला ऑक्सिजन उतरतो, म्हणून शेवटचं खाणं उन्हं असतानाच.

राहिला प्रश्न मोठ्या पोत्याचा की लहान पाकिटाचा. किलोमागे पोतं स्वस्त, पण उघडल्यावर त्यातलं क जीवनसत्त्व आणि तेल टिकत नाही. दोन-चार मासे असतील तर दोन महिन्यांत संपेल एवढंच सीलबंद पाकीट घ्या. दुकानात बरणीतून मोजून देतात ते सुटे दाणे तर नकोच, बरणी कधी भरली हे दुकानदारालाही आठवत नसतं.