स्वभाव आणि मृत्यूची भीती: नौपाड्यातल्या एका समुपदेशन केंद्रातली चाचणी

ठाण्यातल्या या केंद्रात एकाच बैठकीत दोन प्रश्नावल्या भरून घेतात. एक पंचगुण स्वभावचाचणी (बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता असे पाच स्वभावगुण मोजणारी), 44 विधानांची. दुसरी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड टेम्प्लर यांची 1970 सालची मृत्युचिंतेची, 15 विधानांची, हो-नाही स्वरूपाची. निवड योग्य आहे, गुण देण्यात मात्र गडबड होते.

या 15 पैकी 6 विधानं उलटी मोजायची असतात. ‘मला मरणाची मुळीच भीती वाटत नाही’ याला ‘नाही’ म्हटलं की एक गुण मिळायला हवा. नकारार्थी वाक्याला नकार देताना, विशेषतः ज्येष्ठ मंडळी, हमखास गोंधळतात. त्यामुळे उत्तरं तोंडी पडताळून घ्यायलाच हवीत. इथे कागद थेट मोजायला जातो.

केंद्राच्या अहवालातला मुख्य निष्कर्ष बरोबर आहे: पाच स्वभावगुणांपैकी भावनिक अस्थिरतेचा मृत्युचिंतेशी संबंध सर्वांत सातत्याने दिसतो, बहिर्मुखता वगैरेंचा क्षीण. पण ‘तुमच्या स्वभावामुळेच भीती वाटते’ हे वाक्य काढून टाकावं. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. घरात नुकतंच कोणी गेलं असेल किंवा मोठं आजारपण चालू असेल, तरी आकडा चढतो. ही नोंद फॉर्ममध्ये नाही.

दुसरी उणीव म्हणजे एकच बेरीज. स्वतःचं मरण, मरतानाच्या वेदना, जवळच्या माणसाचं जाणं या भीती वेगवेगळ्या. कॉलेट-लेस्टर मापनी, म्हणजे मृत्युभीतीचीच आणखी एक प्रश्नावली, त्या सुट्या मोजते. तीही मागून घ्या.

समुपदेशक मात्र उत्तम: आकड्यावर न थांबता एकेक उत्तर उघडून विचारतात. त्यासाठी जरूर जावं.