7×14 मिनी लेथ: वर्षभर वापरल्यावर

माझ्या मिनी लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या छोट्या मशीनच्या, हेडस्टॉकमधल्या (चक फिरवणारी डावीकडची पेटी) प्लास्टिक गिअरचे दात परवा उडाले, म्हणून लिहितोय. एरवी मशीन नीट चाललंय तर कोण लिहायला बसतो! 20 मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) रॉडवर पार्टिंग करत होतो, म्हणजे फिरता रॉड पातळ टूलने कापून वेगळा करत होतो. टूल घुसलं, मोटर घुमत राहिली, रॉड धरणारा चक जागच्या जागी. विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: "गिअर वॉरंटीत येत नाही साहेब, झिजणारा भाग आहे." झिजला कुठे, तुटला! शेवटी पदरचे पैसे घालून मागवला. मेटलचा घ्या असं सगळे सांगतात, पण मी प्लास्टिकचाच घेतला. गिअर मोडला नाही तर झटका पुढे मोटरला बसतो; मोडायचंच असेल तर स्वस्तातलं मोडू दे. मोटर आणि कंट्रोल बोर्डाच्या किमती बघा एकदा.

आता मुख्य मुद्दा. पार्टिंगला चॅटर (टूलची थरथर) येतो म्हणून मी कायम मोटरच्या नावाने खडे फोडायचो. गिअर बसवताना शिरोली एमआयडीसीत टर्नर असलेले गल्लीतले काका आले. त्यांनी मशीन चालूच करू दिलं नाही. डायल गेजचा पॉइंट सॅडलच्या (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) मागच्या कडेवर टेकवला आणि टूल धरणारा टूलपोस्ट खाली दाबला. काटा 0.12 मिमीवर. "अरे, मागून उचलतंय हे. पार्टिंग कसलं करतोस यावर?"

टूलवर खाली दाब आला की सॅडलची मागची बाजू वर उठते. तिला धरून ठेवायला बेडखाली पट्ट्या असतात. त्या बोल्टने वर ओढायच्या आणि ग्रब स्क्रूने (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) खाली ढकलायच्या, अशी कंपनीची रचना. दोन्हींच्या ओढाताणीत पट्टी तिरकी बसते आणि कडेवरच घासते. आम्ही ग्रब स्क्रू काढून टाकले आणि पट्टीमागे शिम (जाडी भरायला पातळ पत्रा) घालून बोल्ट गच्च आवळले. शिम विकत आणली नाही. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण 0.1 मिमी असतो. कात्रीने कापला, कडा पॉलिश पेपरने मारल्या. एप्रन (सॅडलच्या पुढची हँडलची पेटी) सोडवल्याशिवाय पुढच्या पट्टीला ॲलन की लागत नाही, त्यामुळे रविवार गेला. त्यात माझ्या बेडची खालची बाजू सगळीकडे सारखी नाही. चकजवळ बरोबर बसवलं की टेलस्टॉककडे (चकसमोरच्या टोकाला) सॅडल जड जातं. काम चकजवळच होतं, म्हणून तिथलं माप धरलं.

आता काटा 0.02 मिमीच्या आत. तोच रॉड, तेच टूल, तीच मोटर, आणि चिप (धातूचा कीस) सलग गुंडाळत बाहेर येते. मोटरबद्दलचं मत मागे घेतो. विक्रेत्याबद्दलचं नाही.

चॅटर घालवायला हेडस्टॉकमध्ये टेपर रोलर बेअरिंग बसवायचं खूळही डोक्यात होतं. मूळच्या 6206 बॉल बेअरिंगच्या जागी टेपरचं 30206 बसतं, पण ते 17.25 मिमी रुंद, मूळचं 16. म्हणजे स्पेसर घासणं आलं. चॅटर गेल्यावर तो खर्च मी रद्द केला.

टेलस्टॉकचं लॉक मात्र वैताग आहे. दर वेळी पाना शोधा, नट आवळा. त्याला लिव्हरचं कॅम लॉक करायचंय. भंगारात जाडसर तुकडा मिळाला की याच लेथवर करीन.