दुकानांचं सामाईक पॉइंट कार्ड: काही महिने वापरल्यावर

कॉमर्सच्या मुलांनी प्रोजेक्ट म्हणून बाजारपेठेतल्या छोट्या दुकानदारांसाठी एक सामाईक पॉइंट कार्ड काढलं. ते मी गेले काही महिने नेमाने वापरतोय. शंभराच्या खरेदीला दोन पॉइंट, आणि स्टेशनरीच्या दुकानात जमलेले पॉइंट हार्डवेअरच्या दुकानात वापरता येतात. कार्ड घ्यावं का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. पण ते कशामुळे चालतं आणि कुठे अडतं हे सविस्तर लिहितोय, कारण अशी योजना काढायच्या विचारात असलेल्या इतर मुलांना त्याचा उपयोग होईल.

सगळा खेळ काउंटरवर आहे. सुरुवातीला क्यूआर कोडचा कागद काचेखाली सरकवलेला असायचा. वरच्या ट्यूबलाइटची तिरीप नेमकी त्याच्यावर पडायची आणि मोबाइल काही केल्या स्कॅन करायचा नाही. मागे दोन-तीन गिऱ्हाइकं खोळंबलेली, मालकाच्या एका हातात सुट्टे पैसे आणि दुसऱ्यात पिशवी. अशा वेळी आपणच म्हणतो, "राहू द्या." मुलांना हे कुणी तक्रार करून सांगितलं नाही. ती स्वतः संध्याकाळच्या गर्दीत दुकानात उभी राहिली, पाहिलं, आणि कोड चमक नसलेल्या पुठ्ठ्यावर छापून गल्ल्याशेजारी उभा केला. त्यानंतर स्कॅन चटकन होऊ लागलं. मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक याच गोष्टीचं वाटतं.

मालक नसताना मात्र अजूनही पंचाईत होते. नोकराला पॉइंट द्यायचे माहीत असतं, पण वळते करून बिलातून कसे वजा करायचे ते माहीत नसतं. पॉइंट घेताना गिऱ्हाईक थांबेल, वापरताना थांबणार नाही. दुकानातल्या प्रत्येकाला दोन्ही गोष्टी शिकवल्याशिवाय कोड लावूच नये, असं माझं मत आहे.

आता हिशोबाचं, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. एका दुकानाने दिलेले पॉइंट दुसऱ्याकडे खर्च झाले तर भुर्दंड कुणाला? मुलांनी यावर साधा तोडगा काढला. दुकानदार पॉइंट देतो तेव्हाच त्याची रक्कम त्याच्या नावे सामाईक खात्यात येणं म्हणून लागते, आणि जिथे पॉइंट वटतात त्या दुकानाला महिनाअखेर त्याच खात्यातून पैसे मिळतात. ही पद्धत जुनी आणि कसाला उतरलेली आहे. अमेरिकेत १८९६ साली स्पेरी अँड हचिन्सन कंपनीने हिरवी तिकिटं काढली, तेव्हा दुकानदार ती कंपनीकडून विकत घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणात द्यायचे. गिऱ्हाईक ती वहीत चिकटवायचं आणि वही भरली की त्या बदल्यात वस्तू घ्यायचं. पैसे आधीच भरलेले असल्यामुळे वस्तू कुणाच्या खर्चाने द्यायची हा वाद नव्हता. उलट प्लेंटी ही अनेक कंपन्यांची सामाईक योजना अमेरिकेतच २०१५ मध्ये मोठ्या गाजावाजात आली, एकेक भागीदार बाहेर पडत गेला आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. नुसत्या ॲपने दुकानं एकत्र राहत नाहीत. आपण भरतो तेवढं आपल्याकडे परत येतंय, हे प्रत्येकाला दिसावं लागतं.

कार्ड हातात आलं तेव्हा त्यावर थोडे पॉइंट आधीच जमा होते. यामागेही अभ्यास आहे. २००६ साली नुनेस आणि ड्रेझ या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गाडी धुण्याच्या केंद्रावर काही गिऱ्हाइकांना आठ शिक्क्यांचं कार्ड दिलं, काहींना दहा शिक्क्यांचं पण दोन आधीच मारलेलं. दोघांनाही पुढे आठच शिक्के मिळवायचे होते. तरी पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं आणि दुसऱ्यातल्या ३४ टक्के लोकांनी. माझ्यावरही त्या आधीच्या पॉइंटांचा परिणाम झाला, हे नक्की. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिली सवलत लवकर हातात पडली. ती मिळेपर्यंत कार्ड पाकिटात नुसतं पडून होतं, आणि मिळाल्यावर मी दुकान निवडताना कार्ड चालतं का ते बघायला लागलो.

माहितीच्या बाबतीत मी जरा काटेकोर आहे. टेस्को या ब्रिटनमधल्या सुपरमार्केट साखळीने १९९५ मध्ये क्लबकार्ड हे आपलं पॉइंट कार्ड आणलं तेव्हापासून, कोण काय घेतं ही माहिती सवलतीइतकीच मोलाची ठरली आहे. म्हणून मी मुलांना सरळ विचारलं, दुकानदाराला माझं काय दिसतं? त्यांनी दुकानदाराचा स्क्रीनच उघडून दाखवला: त्याच्या दुकानातले व्यवहार, एकूण पॉइंट, आणि मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे. दुसऱ्या दुकानांतली खरेदी दिसत नाही. समाधान झालं. एवढंच, की हे विचारावं लागू नये, कार्डाच्या मागे दोन ओळींत छापावं.

गाडी रुळावरून घसरली ती परीक्षेच्या काळात. महिनाअखेरचा हिशोब लांबला, फोन कुणी उचलेना, आणि एका दुकानदाराने कोड काढून आत ठेवला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याचे पैसे अडकले होते. परीक्षा संपल्यावर मुलांनी हिशोब चुकता केला, तो पुन्हा सामील झाला, पण मधल्या काळात तिथे जमलेला माझा विश्वास थोडा तरी उणावला.

ही मुलं पास होऊन जाणारच. तेव्हा सामाईक खातं व्यापारी संघटनेच्या नावे व्हावं आणि हिशोबाची तारीख संघटनेने पाळावी. कोड, नोंदणी, नवी दुकानं जोडणं ही कामं पुढच्या बॅचकडे राहिली तरी चालतील. दुसरं, पॉइंट वर्षभरात बाद होतात याचा मेसेज अगदी आदल्या दिवशी येतो, तो महिनाभर आधी यावा. हे दोन्ही मी त्यांना लिहून दिलंय. मेसेजचा बदल ते करताहेत आणि खात्यासाठी संघटनेशी बोलणी सुरू झाली आहेत.