दहा इंची टेबल सॉ: सागवानी देवघरांच्या कामावर पारखून

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात सागवानी देवघरं, चौरंग आणि पाट बनतात. गेल्या गणपतीच्या आधी कामाची गर्दी सुरू होण्यापूर्वी दहा इंची, म्हणजे २५४ मिमी पात्याचं टेबल सॉ मशीन घेतलं. टेबलाच्या फटीतून गोल पातं वर येतं आणि लाकूड त्यावर ढकलायचं, अशी ही करवत. किंमत ५० हजारांच्या आतबाहेर. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. या बनावटीची मशीन्स बऱ्याच कंपन्यांची मिळतात, आणि खाली सांगितलेल्या गोष्टी दुकानात उभं राहून कुठल्याही मशीनवर तपासता येतात.

मशीन घ्यावं का, तर जरूर घ्यावं. पण मोटर किती वॉटची हे विचारण्याआधी पात्यामागे उभी असलेली पोलादी पट्टी बघा. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. साइटवर आपल्याकडे सर्रास दिसतं ते टेबल म्हणजे प्लायच्या तक्त्याखाली उलटा बसवलेला हातकटर. त्याला ना ही पट्टी असते, ना वरचं कव्हर. ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुठल्याही नव्या इमारतीत फर्निचरचं काम चालू असेल तिथे हेच दिसेल, आणि तिथल्या मिस्त्रींची बोटं बघितली की मला फार वाईट वाटतं.

पात्याचे पुढचे दात खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र वर येत असतात. फाडताना लाकडातला ताण मोकळा झाला की काप मागून मिटतो, लाकूड त्या मागच्या दातांना चिकटतं, उचललं जातं आणि थेट चालवणाऱ्याच्या अंगावर फेकलं जातं. दहा इंची पातं मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरत असेल तर दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही, आणि लाकडावर ठेवलेला हात लाकडाबरोबर पात्याकडे ओढला जाऊ शकतो. रायव्हिंग नाइफ कापात शिरून तो मिटू देत नाही. माझ्या मशीनवर ती पात्याबरोबर वर-खाली होते आणि कलते, त्यामुळे काढून ठेवण्याची वेळ येत नाही. पैसे वसूल झाले ते इथे.

नवीन पातं घेताना मात्र जाडी बघावी लागते. नाइफवर तिची जाडी कोरलेली असते. पात्याच्या दातांचा काप त्याहून रुंद हवा आणि पात्याचा पत्रा त्याहून पातळ. बारीक कापाचं पातं लाकूड वाचवतं म्हणून घेतलं आणि काप नाइफपेक्षा अरुंद निघाला, तर लाकूड मध्येच अडकतं. मग कोणीतरी वैतागून नाइफच काढून टाकतो.

उभ्या कापाला, म्हणजे रेशांच्या दिशेने फाडायला, मी २४ दातांचं पातं लावते. पातं लाकडाच्या वर पाच-सहा मिलिमीटर दिसेल इतकंच उचलायचं. फेन्स, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरकवायचं ती बाजूची आडपट्टी, पात्याला समांतर हवी. मागच्या बाजूला ती अर्धा मिलिमीटर जरी आत आली तरी लाकूड पात्यावर दाबलं जातं. या मशीनची फेन्स दोन्ही टोकांना दातेरी पट्टीवर सरकते आणि समांतर राहते. उजवीकडे ती इतकी लांब जाते की अर्ध्या प्लायचा तक्ता बसतो, पण तेवढा तक्ता एकट्याने चढवायचा नाही. पलीकडे धरायला माणूस हवा किंवा तेवढ्याच उंचीचा घोडा, म्हणजे आधाराचा लाकडी स्टँड.

सोबत आलेली पुश स्टिक, म्हणजे हाताऐवजी लाकूड ढकलायची काठी, प्लास्टिकची, अरुंद आणि गुळगुळीत. ती मी वापरत नाही. ब्रिटनच्या एचएसई या सुरक्षा संस्थेचा नियम मला पटतो: लांब कापाचे शेवटचे ३०० मिमी पुश स्टिकनेच ढकलायचे. आमच्या मिस्त्रींनी प्लायच्या तुकड्यांतून बुटाच्या आकाराचा ठोकळा बनवला, खाली टाच ठेवून. तो लाकूड पुढेही ढकलतो आणि वरूनही दाबतो. कमानीच्या दहा मिमी पट्ट्या काढताना पातं ठोकळ्याला चाटून जातं, तर जाऊ द्यावं. ठोकळा नवा बनतो.

आडव्या कापात मशीन कमी पडलं. मायटर गेज, म्हणजे टेबलाच्या खाचेत सरकणारा, लाकूड कोनात धरायचा आधार, त्या खाचेत सैल हलतं, त्यामुळे काटकोन मिळत नाही. मिस्त्रींनी खाचेत बसणारी सागाची पट्टी घासून बसवली आणि तिच्यावर सरकती पाटी तयार केली. आता ६० दातांच्या पात्याने टोकं स्वच्छ निघतात. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: आडवा काप घेताना तुकडा फेन्सला टेकवून मायटर गेजने ढकलायचा नाही. कापलेला तुकडा फेन्स आणि पातं यांच्यात तिरका होतो आणि उडतो. सारख्या मापाचे वीस तुकडे हवे असतील तर फेन्सवर पात्याच्या बऱ्याच अलीकडे एक ठोकळा क्लॅम्प करा. माप त्याला टेकवून घ्या. लाकूड पात्यापाशी पोचेपर्यंत ठोकळा मागे राहतो आणि तुकड्याला मोकळी जागा मिळते.

देवघराच्या चौकटीसाठी ४५ अंशांचे काप लागतात. माझं पातं डावीकडे कलतं, म्हणून फेन्स उजवीकडेच ठेवते. उलट ठेवली तर तुकडा कललेल्या पात्याखाली दबतो. अंशांच्या चकतीवर विसंबू नका. दोन तुकडे कापून जोडा, गुण्या लावा, आणि काटकोन आला की मगच चांगलं लाकूड घ्या.

मागच्या प्लायसाठी सहा मिमीची खाच पाडताना कव्हर काढावंच लागतं, कारण काप आरपार जात नाही. इथे नाइफ खाली सरकवून बसवता येते, पात्याच्या टोकाच्या किंचित खाली, ही सोय मला फार आवडली. रुंद खाचेसाठी दोन-तीन पाती एकत्र लावायला आर्बर, म्हणजे पातं बसतो तो दांडा, पुरत नाही, म्हणून साध्या पात्याने फेन्स सरकवत तीनदा जायचं. वेळ जातो. पण खाच झाल्या झाल्या कव्हर परत चढतं, हा आमच्याकडचा नियम. मिस्त्री सुरुवातीला म्हणायचे, "ताई, ह्याने रेघ दिसत नाही." कव्हर पारदर्शक आहे, पण सागाचा भुसा त्याला चिकटतो. आता रोज सकाळी फडक्याने पुसतो आणि रेघही दिसते.

स्विचबद्दल मुद्दाम लिहिते. वीज गेली आणि परत आली तर हे मशीन आपोआप सुरू होत नाही, पुन्हा हिरवं बटण दाबावंच लागतं. आपल्या भागात ही सोय नसलेलं मशीन कोणी फुकट दिलं तरी घेऊ नये. लाल बटण मोठं आहे, गुडघ्यानेही बंद होतं. जोडणी १६ अँपिअरच्या प्लगवर थेट करा. बारीक तारेच्या एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं आणि पातं लाकडात अडतं.

सागात सिलिका असते, त्यामुळे पाती लवकर बोथट होतात. बोथट पात्याला लाकूड जोर लावून ढकलावं लागतं, आणि जोर लावताना हात घसरतो. म्हणून दोन पाती ठेवा, एक नेहमी धारेला गेलेलं असू द्या. जुन्या वाड्यांचं सागवान सुंदर असतं, पण त्यात खिळे असतात. चुंबक फिरवल्याशिवाय आम्ही ते टेबलावर चढवत नाही.

हातमोजे अजिबात नकोत, पातं कापडासकट हात ओढतं. मी ओढणी आणि बांगड्या काढून केस बांधते. चष्मा, कानांना इअरमफ आणि चांगला मास्क हवाच. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करते, असं आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच ठरवलं आहे. मशीनचं धूळ काढायचं तोंड व्हॅक्यूमला जोडलं तरी वरचा भुसा उडतोच.

घरच्या बाल्कनीत कधीतरी एखादं शेल्फ करणाऱ्याने हे घेऊ नये. त्याला गाइड पट्टीवरची हातकरवत पुरते. रोज फाडकाम असेल तर दुकानात जाताना सरळ पट्टी आणि गुण्या न्या. प्लग काढायला लावून मायटरच्या खाचेपासून पात्याच्या पुढच्या आणि मागच्या दातापर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. नाइफ पात्याबरोबर वर-खाली होते का ते स्वतः हँडल फिरवून बघा. दुकानदार घाई करत असेल तर दुसऱ्या दुकानात जा.