दंडावरचा शुगर सेन्सर : बाळाचं प्लॅनिंग करताना चार लावले, त्याचा रिव्ह्यू

आधी माझी पार्श्वभूमी सांगते म्हणजे रिव्ह्यू कुणाच्या कामाचा आहे ते कळेल. मला टाईप वन डायबेटीस आहे, बारा वर्षांची असल्यापासून, आता ३१. रात्री ग्लार्जिन हे हळूहळू, दिवसभर काम करणारं इन्सुलिन आणि जेवणाआधी झटपट काम करणारं अ‍ॅस्पार्ट, दोन्ही पेननेच, पंप वगैरे नाही. नाशिकला राहते, नोकरी बँकेत. मागच्या दिवाळीनंतर आम्ही बाळाचं ठरवलं आणि डॉक्टर मॅडमकडे गेलो तर त्या म्हणाल्या की ठरवलंय ते छान, पण आधी एचबीएवनसी, म्हणजे दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, साडेसहाच्या खाली आणूया, मग थांबवा गर्भनिरोधक. माझं होतं ७.९. मला वाटलेलं ७.९ म्हणजे काय वाईट, कॉलेजात तर दहा असायचं.

घाई का करायची नाही तेही त्यांनी नीट सांगितलं. बाळाचा मेंदू, मणका, हृदय हे सगळं पहिल्या आठ आठवड्यांतच तयार होतं, आणि मणक्याची नळी तर गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकली हे कळून टेस्ट करेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. त्या वेळी आईची शुगर चढी असेल तर व्यंग राहण्याचा धोका वाढतो. म्हणून सगळी तयारी आधी. त्यातच त्यांनी हा सेन्सर सुचवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, बाजारात दोनतीन आहेत, काम थोड्याफार फरकाने सारखंच.

तर वस्तू काय आहे? रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती, सतत शुगर मोजून फोनवर आकडे आणि ग्राफ दाखवणारी, दंडाच्या मागच्या बाजूला लावायची, लावताना स्प्रिंगचा खट्ट आवाज होतो आणि तेवढंच, इन्सुलिनच्या सुईची सवय असलेल्याला काहीच नाही. नवऱ्याने लावला पहिला, मला लागलं नाही पण तोच डोळे मिटून उभा होता. चौदा दिवस चालतो. मला एक पाच हजारांच्या आसपास पडला, चारचे वीस, त्यामुळे हा रिव्ह्यू पैसे मोजून घेतलेल्या माणसाचा आहे.

पहिल्याच आठवड्यात जे कळलं ते एकोणीस वर्षं बोटं टोचून कळलं नव्हतं. माझी सकाळची उपाशीपोटी शुगर नेहमी २०० च्या आसपास, मी काय करायचे, ग्लार्जिन दोन युनिट वाढवायचे, तरी तेच. ग्राफ बघितला तर गंमत वेगळीच. आम्ही जेवतो साडेनऊला, झोपताना साडेअकराला बोट टोचलं की २२० दिसायचं, मी घाबरून शुगर उतरवायला चार युनिट जादा इन्सुलिन (करेक्शन) मारायचे, पण जेवणाचं इन्सुलिन अजून अंगात काम करतच असायचं. मग अडीचला शुगर ५५. मी घामाने जागी व्हायचे आणि अर्धवट झोपेत डब्यातली सहासात बिस्किटं खायचे, वर गुळाचा खडा. सकाळी अर्थात २१०. म्हणजे ग्लार्जिनचा काही दोष नव्हता, सगळा घोळ साडेअकराच्या त्या चार युनिटचा आणि बिस्किटांच्या डब्याचा. आता जेवण आठला, आणि लो झालंच तर मोजून १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबून परत चेक. डबा नवऱ्याने वरच्या फळीवर ठेवलाय.

दुसरं पोह्यांचं. माझी समजूत होती की पोहे मला चालतात, कारण दोन तासांनी टोचलं की १५० यायचं. पण मधल्या तासात काटा २५० ला शिवून यायचा हे कुठे दिसत होतं! गरोदरपणात जेवणानंतर एका तासाला १४० च्या आत हवी म्हणतात, दोन तासांना १२०, मग हे २५० चालणारच नाही. आता इन्सुलिन पंधरा मिनिटं आधी घेते, पोहे अर्धी प्लेट आणि शेंगदाणे जरा सढळ हाताने, सोबत उकडलेलं अंडं. टोक १७० पर्यंत आलंय. साबुदाणा खिचडीचं मात्र मी हात टेकले, काहीही करा ती चढतेच, त्यामुळे यंदा संकष्टी सोडल्या. सासूबाईंना सांगताना धाकधूक होती पण त्याच म्हणाल्या, अगं गणपतीला काय तुझं इन्सुलिन कळत नाही का.

आता त्रास. पहिल्या दिवशी आकडे भरवशाचे नसतात, २५-३० चा फरक मला आला, म्हणून मी आता संध्याकाळी लावते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोट टोचायच्या मीटरवरच इन्सुलिन ठरवते. हा रक्त मोजत नाही, कातडीखालचं पाणी मोजतो, त्यामुळे पाचदहा मिनिटं मागे असतो. लो झाल्यावर ग्लुकोज खाल्लं तरी हा ६० च दाखवत बसतो आणि घाबरून माणूस परत खातो, तिथे बोटच टोचा. त्या दंडावर झोपलं की खोटं लो येतं, एकदा रात्री ५२ म्हणून बोंबलला, मीटरवर ९६ होती, तोवर मी गूळ खाऊन मोकळी. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर काही सेन्सर शुगर आहे त्याहून जास्त दाखवतात, तेही विचारून घ्या.

आणि तिसरा सेन्सर नवव्या दिवशी निघाला, पर्सचा पट्टा अडकून. कस्टमर केअरला फोन केला तर फोटो पाठवा, सिरीयल नंबर पाठवा, बिल पाठवा, मग परत फोटो पाठवा, बारा दिवसांनी उत्तर की ही तुमच्याकडून झालेली चूक. पैसे गेले. आता वरून चिकटपट्टी लावते आणि ब्लाऊजची बाही जिथे संपते तिथे लावतच नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते कारण दुकानात कुणी सांगणार नाही. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात टाईप वन बायकांवरचा कन्सेप्ट नावाचा अभ्यास आला, त्यात गरोदर बायकांना सेन्सरचा फायदा दिसला, बाळं प्रमाणाबाहेर मोठी होण्याचं आणि जन्मल्यावर आयसीयूत ठेवायची वेळ येण्याचं प्रमाण कमी झालं, पण नुसतं प्लॅनिंग करणाऱ्या गटात तसा फायदा दिसला नाही. मॅडमनीच हे सांगितलं आणि वर म्हणाल्या, चकती शुगर कमी करत नाही, ग्राफ घेऊन दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे यायचं असेल तरच घे. पहिला सेन्सर मी एकटीने बघितला, नुसती आकडे बघून टेन्शन, ऑफिसात दिवसातून चाळीस वेळा फोन बघायचे, बाकी काही नाही. रात्रीचा तो घोळ मला नाही दिसला, त्यांना दिसला, दोन मिनिटांत. तेव्हा वीस हजारांत त्यांची फी धरलेली नाही पण खरं काम तिथे झालं.

बाकी त्यांनी करायला लावलेलं पटकन लिहिते. फॉलिक अ‍ॅसिड ५ एमजी, आधीपासून सुरू आणि बाराव्या आठवड्यापर्यंत. डोळ्यांचा पडदा तपासून घेणं, कारण शुगर झपकन खाली आणली की डोळ्यात आधीच काही असेल तर ते वाढू शकतं, हे मला नवीन होतं. युरिनमधलं अल्ब्युमिन (हे एक प्रोटीन, किडनीसाठी बघतात), थायरॉइड. बीपी, कोलेस्ट्रॉलच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, चालू असतील तर स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

साडेतीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.४. चार सेन्सर सलग नाही लावले, मध्ये पंधरा पंधरा दिवस नुसतं मीटर, आणि बजेट कमी असेल तर मी म्हणेन दोनच घ्या, एक सुरुवातीला आणि एक दीड महिन्याने बदल बघायला. पाचवा मी आणून कपाटात ठेवलाय. सुरुवातीच्या महिन्यांत इन्सुलिनची गरज मध्येच घटते आणि लो फार होतात म्हणे, त्यामुळे तो टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच संध्याकाळी लावायचा. एक्स्पायरी डिसेंबरची आहे, नवरा रोज बघतो.